संघाचें नांव : तें कसें ठेवावें व केव्हां बदलावें

मनुष्य आपलें नांव स्वतः ठेवीत नाहीं. कोणाचें नांव बाराव्या दिवशीं पाळण्यांत ठेवितात, कोणाचें बाप्तिस्म्याच्या वेळीं. आणि तें पुढें जन्मभर चालतें. खेळाडूंच्या संघाची गोष्ट मात्र निराळी आहे. संघाचें नांव संघांतील मंडळी जाणतेपणीं, एकमेकांशीं विचारविनिमय करून ठेवितात. आणि पुढें तें पटेनासें झालें तर बदलूंहि शकतात. म्हणून संघाच्या नांवावरून तें ठेवणारांची पारख होते. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. तिचा रोख नांव आणि पराक्रम यांच्या विसंगतीवर आहे. नांव मोठें घेऊन पहिल्याच सामन्यांत हरणारा संघ हास्यास्पद होतो, हें खरें. परंतु तो दोष सरावानें जातो. नांवांत याहून एक मोठा दोष असूं शकतो व तो सरावानें जात नाहीं. तो दोष म्हणजे, आपल्याच बरोबर खेळूं शकणाऱ्या एखाद्या मुलास नांवानेंच बाहेर ठेवणें, किंवा दुसऱ्या कोणाचा त्या नांवानें उपहास करणें. प्रस्तुत लेखांत मुख्यतः या दोषाचा व त्याच्या परिहाराचा विचार करावयाचा आहे.

हा विषय आपणांस परका नाहीं. ठाणें, कल्याण व डोंबिवली या गांवांतील प्रत्येक आळींत व प्रत्येक सोसायटींत सुटी लागली कीं क्रिकेटचा, कबड्डीचा अगर फुटबॉलचा संघ उभा राहतो. आणि बॅट कोणाची, या पहिल्या वादानंतर दुसरा वाद नांवाचा असतो. मिशनरी शाळांतून मुलांचे जे गट पाडितात, ज्यांस आपण 'हाउस' म्हणतों, त्यांसहि नांवें असतात. कोठें तीं तांबडा, निळा, हिरवा, पिवळा अशीं रंगांवरून, कोठें संतांवरून, तर कोठें देशांतील थोर पुरुषांवरून ठेविलेलीं असतात. उद्यां हींच मुलें कॉलेजांत जातील, तेथील संघांतून खेळतील, व नांव ठेवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार त्यांच्या हातीं येईल. तेव्हां पूर्वीं हें काम कोणी कसें केलें, हें आजच पाहून ठेवणें हिताचें आहे.

या बाबतींतील सर्वांत बोधप्रद इतिहास आपल्या शेजारच्या मुंबईचाच आहे. हिंदी लोकांचा पहिला क्रिकेट क्लब १८४८ सालीं मुंबईंतील पारशी तरुणांनीं काढिला व त्याचें नांव 'ओरिएंटल', म्हणजे पौर्वात्य, असें ठेविलें. इंग्रज आपणांस ज्या दृष्टीनें पाहात, तीच दृष्टि या नांवांत उतरली होती. दोनच वर्षांनीं 'झोरोस्ट्रियन' हा दुसरा क्लब निघाला; त्याचें नांव धर्मावरून आलें. त्यानंतर जे अनेक पारशी क्लब निघाले, त्यांतील कित्येकांनीं रोमन देवतांचीं, तर कित्येकांनीं इंग्रज मुत्सद्द्यांचीं नांवें घेतलीं. मार्स, ज्युपिटर, एल्फिन्स्टन अशीं तीं नांवें. १८६६ सालीं हिंदूंचा पहिला क्लब 'बाँबे युनियन' या नांवानें निघाला. 'युनियन' या शब्दाचा अर्थ एकी असा आहे. परंतु मागून जे क्लब निघाले, त्यांचीं नांवें गौड सारस्वत क्रिकेट क्लब, क्षत्रिय क्रिकेट क्लब, गुजराती युनियन, मराठा क्रिकेट क्लब अशीं होतीं. एकाच मैदानावर खेळणारीं मुलें नांवापुरतीं तरी आपापल्या जातीच्या, भाषेच्या व प्रांताच्या कुंपणांत उभीं होतीं.

पुढें मोठे सामने सुरू झाले, तेव्हां हींच कुंपणें अधिक उंच झालीं. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे वार्षिक सामने होऊं लागले. १९०७ सालीं हिंदूंचा संघ येऊन सामने तिरंगी झाले, १९१२ सालीं मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी झाले, आणि १९३७ सालीं पांचवा संघ येऊन ते पंचरंगी म्हणून प्रसिद्ध झाले. संघांचीं नांवें धर्मांवरूनच होतीं : युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान. या सामन्यांस हजारों प्रेक्षक लोटत, आणि अनेक श्रेष्ठ खेळाडू या सामन्यांनीं निर्माण केले, हें कोणीहि नाकारणार नाहीं. सामन्यांचा पुरस्कार करणारे असेंहि म्हणत कीं, मैदानावर कोणतेंच वैर नसतें. उलट निरनिराळ्या धर्मांच्या लोकांचा परिचयच वाढतो. या म्हणण्यांत कांहीं तथ्य होतें. परंतु नांवाचा परिणाम मैदानाच्या मध्यापेक्षां त्याच्या कडेला अधिक दिसतो. संघांत कोण घेतला जातो, मान कोणास मिळतो, आणि दाराबाहेर कोण राहतो, हें तेथें कळतें. याचीं दोन उदाहरणें पाहूं.

पहिलें उदाहरण पाळवणकर बाळू यांचें. त्या काळीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत जन्मलेले हे गृहस्थ आपल्या काळांतील भारतांतले अग्रगण्य गोलंदाज होते. पुण्याच्या हिंदु क्लबानें त्यांस आपल्या संघांत घेतलें, कारण त्यांच्यावांचून युरोपियनांस हरविणें कठीण होतें. पण चहाच्या वेळीं सहकारी आंत बसत आणि बाळूंस चहा बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत मिळे. संघाचें नांव 'हिंदु' असें होतें. त्या नांवाच्या अर्थांत ते होते किंवा नव्हते, याचा निर्णय चेंडू हातांत असतांना एक व चहाचा पेला हातांत असतांना दुसरा, असा होत असे. १९११ सालीं इंग्लंडांत गेलेल्या भारतीय संघांतून त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तथापि हिंदु संघाच्या कर्णधारपदापासून त्यांस दूरच ठेवण्यांत आलें. शेवटीं १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस तो मान मिळाला आणि त्या वर्षीं हिंदु संघ विजयी झाला. येथें नांव बदललें नाहीं. नांवाचा अर्थ मात्र पूर्वीपेक्षां थोडा रुंद झाला. नांव बदलण्याची ही एक रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शब्द तोच ठेवून त्याचीं दारें उघडणें हेंहि एक प्रकारचें नामांतरच होय.

दुसरें उदाहरण मिशनरी शाळेंतील मुलांस अधिक जवळचें वाटेल. १९३७ सालीं जो पांचवा संघ आला, त्याचें नांव 'दि रेस्ट' असें होतें. मराठींत सांगावयाचें तर 'बाकीचे'. देशांतील ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे जे लोक आधींच्या चार नांवांत बसत नव्हते, त्या सर्वांचा हा संघ. कोणी दुष्टपणानें हें नांव ठेविलें असें नाहीं; या लोकांसहि खेळावयास मिळावें, हाच हेतु होता. परंतु या नांवाचा थोडा विचार करा. पंगतींत चार पानांवर यजमानांनीं पाहुण्यांचीं नांवें लिहावींत व पांचव्यावर 'उरलेले' असें लिहावें, तसें तें होतें. आपण कोण आहोंत हें त्या नांवांत कोठेंच नव्हतें. आपण कोण नाहीं, एवढेंच त्यांत होतें.

या 'बाकीच्यां'त सांगलीस १९१५ सालीं जन्मलेले एक मराठी ख्रिस्ती फलंदाज होते. त्यांचें नांव विजय हजारे. १९४३ सालच्या डिसेंबर महिन्यांत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत हिंदु व 'दि रेस्ट' यांच्यांत झाली. त्या मोसमांत हजाऱ्यांनीं मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यांत विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा करून तो आंकडा मागें टाकिला, आणि हिंदु संघानें पांच गडी बाद ५८१ वर डाव सोडला. 'दि रेस्ट'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला व त्यांस पुन्हा खेळावें लागलें. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकीं एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. त्यांचे बंधु विवेक यांनीं त्यांस सोबत दिली. दोघांच्या भागीदारींत ३०० धावा झाल्या, त्यांत विवेक यांचा वाटा केवळ २१ धावांचा होता. तरीहि 'दि रेस्ट' एक डाव व ६१ धावांनीं पराभूत झाला. सामना हिंदूंनीं जिंकला. परंतु त्या सामन्याची आठवण निघते ती हजाऱ्यांच्या खेळीसाठीं. ज्यांस 'बाकीचे' म्हटलें, त्यांच्यांतील हाच पुरुष पुढें भारताचा कर्णधार झाला. आणि १९५२ सालच्या फेब्रुवारींत मद्रास येथें इंग्लंडला हरवून भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. त्या दिवशीं त्यांच्या संघाचें नांव 'भारत' होतें. त्या एका नांवांत पूर्वीचीं पांचहि नांवें सुखानें मावलीं, आणि 'बाकीचा' असा कोणी उरला नाहीं.

धर्मावरून नांवें धारण करणाऱ्या या सामन्यांस विरोध हळूहळू वाढत होता. १९४० सालच्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्धा येथें महात्मा गांधींस भेटलें. गांधींनीं आपलें मत स्पष्ट सांगितलें : कॉलेजांकॉलेजांत, संस्थासंस्थांत सामने व्हावेत हें आपण समजूं शकतों, पण हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कां असावेत, हें आपणांस कधींच उमगलेलें नाहीं. या विधानाचा मथितार्थ आपल्या विषयास फार महत्त्वाचा आहे. एका कॉलेजांत आज आपण आहोंत, उद्यां दुसरा येईल; त्या नांवाचें दार शिकूं इच्छिणाऱ्या प्रत्येकास उघडें असतें. जन्मावरून पडलेल्या नांवास असें दारच नसतें. अखेर १९४६ सालीं पंचरंगी सामने बंद झाले, व त्यांच्या जागीं विभागवार सामने घेण्याचें ठरलें. १९३४ सालीं सुरू झालेल्या रणजी करंडकाच्या सामन्यांत तर संघांचीं नांवें प्रथमपासूनच प्रांतांवरून व संस्थानांवरून होतीं.

प्रांतांवरून आलेलीं नांवें सुद्धां कायमचीं नसतात. नकाशा बदलला कीं तीं बदलतात. इंदूरच्या महाराजांचा 'होळकर' संघ कर्नल सी. के. नायडू यांच्या काळांत अत्यंत बलाढ्य होता. त्यानें चार वेळां रणजी करंडक जिंकिला. संस्थानें विलीन झाल्यावर कांहीं वर्षांत तें नांव मैदानावरून गेलें व त्या भागाचे खेळाडू मध्य प्रदेशाच्या नांवानें खेळूं लागले. मद्रासचा संघ तमिळनाडू झाला. १९७३ सालीं म्हैसूर राज्याचें कर्नाटक झालें, तेव्हां संघाचेंहि झालें. १९९५ सालीं बाँबेचें अधिकृत नांव मुंबई ठरलें व क्रिकेटचा संघहि त्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. बडोदें मात्र संस्थान जाऊनहि संघाच्या रूपानें राहिलें आहे. अशा बदलांत कोणाचा मानापमान नसतो. गांवाचें नांव बदललें, म्हणून पत्त्यांतहि बदललें, इतकाच त्याचा अर्थ.

स्थानावरून नांव घेण्याची आपल्याकडील सर्वांत सुंदर परंपरा कोल्हापुरास आढळते. तें कुस्तीचें माहेरघर. तेथें पेठापेठांतून तालमी होत्या. फुटबॉलचा खेळ त्या नगरींत रुजला तेव्हां त्याच तालमींनीं संघ उभे केले व नवीं इंग्रजी नांवें शोधीत न बसतां आपलींच नांवें चालविलीं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशीं तीं नांवें आहेत. लाल मातींत घुमणाऱ्या पहिलवानांची तालीम व गवतावर धांवणारे फुटबॉलपटू यांचा संबंध परक्या माणसास चटकन् कळणार नाहीं. परंतु कोल्हापूरकरास त्या एका शब्दांत आपली पेठ व आपले वडील-आजोबा दिसतात. विदर्भांतील अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या व्यायामशाळेनें हनुमानाचें नांव घेतलें. बलोपासनेच्या संस्थेस बजरंगाचें नांव, ही योजना सर्वांस सहज समजते.

२०१४ सालीं व्यावसायिक कबड्डीचे सामने सुरू झाले, तेव्हां मुंबईच्या संघानें 'यू मुंबा' व पुण्याच्या संघानें 'पुणेरी पलटण' हीं नांवें घेतलीं. 'पलटण' हा शब्द मूळचा परदेशी, फौजेबरोबर आपल्याकडे आलेला. पण इतका घरचा झालेला कीं, पोरांचा घोळका दारीं आला तरी आजीबाई 'आली पलटण' असेंच म्हणतात. उच्चारण्यास सोपें, कानास गोड आणि त्या त्या गांवचें, असें हें नांव आहे. याच्या उलट २०१९ सालीं मुंबईच्या टी-ट्वेंटी सामन्यांत आपल्या ठाण्याचें नांव लावून जो संघ उतरला, त्याचें नांव 'ईगल ठाणें स्ट्रायकर्स' असें होतें. ठाण्याचें नांव त्यांत आहे, याचा आनंद आहेच. परंतु पहिला व शेवटचा शब्द काढून दुसऱ्या कोणत्याहि गांवच्या संघास लाविले, तरी ते तितकेच शोभतील किंवा तितकेच शोभणार नाहींत.

आतां कॉलेजांकडे वळूं. कॉलेजच्या संघास संस्थेच्या नांवाव्यतिरिक्त एक उपनांव असावें, ही चाल अमेरिकेंत फार दृढ आहे. तेथें प्रत्येक कॉलेजास असें एखादें तरी लाडकें नांव असतें. त्यांतील कित्येक नांवें त्या देशाच्या मूळ रहिवाशांवरून ठेविलेलीं होतीं. ज्यांच्या भूमि गेल्या, त्यांचीं नांवें व त्यांचे पिसांचे मुकुट घेऊन दुसऱ्यांचीं मुलें मैदानावर नाचत. ठेवणारांस तें कौतुक वाटे. ज्यांचें नांव घेतलें त्यांस ती थट्टा वाटे. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठानें 'इंडियन्स' हें आपलें नांव मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या मागणीवरून १९७२ सालीं सोडलें. १९७५ सालीं तेथील विद्यार्थ्यांनीं मतदान करून 'रॉबर बॅरन्स', म्हणजे 'लुटारू उमराव', हें नांव पुढें केलें! संस्थापक रेल्वेच्या धंद्यांत गडगंज झालेले, त्यांस हा टोला होता. अधिकाऱ्यांनीं तें नांव अर्थातच मान्य केलें नाहीं. पुढें १९८१ सालीं 'कार्डिनल', म्हणजे त्यांच्या गणवेषाचा गडद तांबडा रंग, हेंच अधिकृत नांव ठरलें. आमच्या शाळांतील तांबड्या व निळ्या हाउसांस हें वाचून आनंद होईल.

कॅथॉलिक संस्थांचींहि उदाहरणें घेण्यासारखीं आहेत. न्यूयॉर्क येथील सेंट जॉन्स विद्यापीठाचे खेळाडू तांबडा गणवेष घालीत, म्हणून त्यांस 'रेडमेन' म्हणत. आरंभीं हें निव्वळ कपड्यांवरून आलेलें नांव होतें. परंतु त्याच शब्दानें मूळ रहिवाशांसहि हिणवीत असल्यामुळें दोन्ही अर्थ एकांत एक मिसळले. १९९४ सालीं संस्थेनें 'रेड स्टॉर्म', म्हणजे तांबडें वादळ, असें नांव घेतलें. रंग राहिला, डंख गेला. त्याच वर्षीं जेसुइट पाद्र्यांच्या मार्केट विद्यापीठानें 'वॉरियर्स' सोडून 'गोल्डन ईगल्स' हें नांव स्वीकारिलें. मात्र २००५ सालीं तेथील विश्वस्तांनीं तेंहि बदलून नुसतें 'गोल्ड' असें नांव वरून जाहीर केलें, तेव्हां विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांनीं इतका गिल्ला केला कीं, तें मागें घेऊन मतदान करावें लागलें, व पुन्हा 'गोल्डन ईगल्स' हेंच नांव कायम झालें. नवें नांव वाईट नव्हतें. पण ज्यांनीं तें मिरवावयाचें, त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें. याच्या उलट उत्तर डकोटा विद्यापीठानें 'फायटिंग सू' हें नांव २०१२ सालीं सोडल्यावर घाई केली नाहीं. लोकांकडून सूचना मागविल्या, समितीनें त्यांतून मोजकीं नांवें निवडलीं, आणि २०१५ सालीं मतदान होऊन 'फायटिंग हॉक्स', म्हणजे लढाऊ ससाणे, हें नांव ठरलें.

तथापि दुसऱ्या समाजाचें नांव घेणें सर्वस्वीं निषिद्धच आहे, असेंहि नाहीं. फ्लोरिडा राज्य विद्यापीठाचा संघ 'सेमिनोल्स' हें नांव आजहि चालवितो. फ्लोरिडांतील सेमिनोल जमातीनें २००५ सालीं रीतसर ठराव करून त्यास संमति दिली आहे. तेव्हां एकच गोष्ट एका ठिकाणीं अपमान ठरली आणि दुसऱ्या ठिकाणीं सन्मान. फरक संमतीचा. ज्याचें नांव घ्यावयाचें, त्यास आधीं विचारावें, एवढाच हा धडा आहे. आणि तो शेजारच्याची बॅट घेण्यासहि लागू पडतो.

येथवर नांव कां बदलावें, तें पाहिलें. कां बदलूं नये, याचेंहि एक उदाहरण देतों. कलकत्त्याचा मोहन बागान हा क्लब १८८९ सालीं 'स्पोर्टिंग क्लब' या नांवानें निघाला. प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्राध्यापक रो यांनीं दाखवून दिलें कीं, शिकार, मासेमारी वगैरे ज्या गोष्टींस इंग्रज 'स्पोर्ट' म्हणतात, त्यांपैकीं एकहि हा क्लब करीत नाहीं. तेव्हां 'ॲथलेटिक क्लब' म्हणणें योग्य. क्लबानें ती सूचना मानली. शिक्षकानें सुचविलेला हा बदल अर्थास धरून होता, म्हणून टिकला. याच क्लबानें २९ जुलै १९११ रोजीं, बहुतेक खेळाडू अनवाणी असतां, ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २ विरुद्ध १ असा पराभव केला व आय. एफ. ए. शील्ड जिंकिलें; सर्व देश त्या नांवानें दुमदुमला. परंतु २०२० सालीं व्यावसायिक सामन्यांसाठीं दुसऱ्या एका संघाशीं संयोग करून त्याच्या नांवामागें 'ए. टी. के.' हीं अक्षरें जोडण्यांत आलीं. चाहत्यांनीं तीं काढण्याची मागणी तीन वर्षें सतत चालविली, आणि २०२३ सालीं तीं अक्षरें गेलीं. तरी त्यांच्या बदलीं 'सुपर जायंट' हे शब्द आलेच. त्याच मालकाच्या पुण्यांतील क्रिकेट संघाचें नांव २०१६ सालीं 'रायझिंग पुणें सुपरजायंट्स' असें होतें. दुसऱ्या वर्षीं शेवटचा 'स्' काढून तें 'सुपरजायंट' झालें. पहिल्या वर्षीं आठ संघांत सातवा आलेला हा संघ दुसऱ्या वर्षीं अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेव्हां एका अक्षराचा हा गुण कीं काय, असें भाविकांस वाटलें असेल. पण तो अंतिम सामना एका धावेनें हरला आणि त्यानंतर तो संघच राहिला नाहीं. नांवाच्या अक्षरांची काटछांट करून यश येत नाहीं, व गांवाशीं नातेंहि जुळत नाहीं.

या सर्व इतिहासाचें सार पुढील कसोट्यांत सांगतां येईल. पहिली : हें नांव संघांतील प्रत्येक मुलास, व उद्यां संघांत येऊं शकणाऱ्या प्रत्येक मुलास, मान वर करून सांगतां येईल काय? जात, धर्म अगर भाषा यांवरून त्यांत कोणी परका ठरत असेल, तर तें नांव टाकावें. दुसरी : या नांवानें दुसऱ्या कोणाची थट्टा होते काय? होत असेल, तर आपला हेतु शुद्ध असला तरी त्याचा उपयोग नाहीं. कांटा कोणी मुद्दाम टाकिला नाहीं म्हणून तो कमी बोचत नाहीं. तिसरी : तें नांव आपल्या गांवाचें, शाळेचें अगर खेळाचें कांहीं सांगतें काय? चौथी : धापा टाकीत असतां सुद्धां तें ओरडतां येईल इतकें तें सुटसुटीत आहे काय? आणि पांचवी : तें सर्वांस विचारून ठरलें काय? यांपैकीं पहिल्या दोन कसोट्यांस जें नांव उतरत नाहीं, तें कितीहि जुनें असलें तरी बदलावें. तीं दोन्ही पार पडलीं असतील, तर केवळ फॅशन म्हणून जुनें नांव टाकूं नये. कारण त्या नांवानें खेळून गेलेल्यांचा त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे. बदलावेंच लागलें तर त्यांसहि कळवावें, आणि जुन्या नांवाचे चषक व जुनीं छायाचित्रें फळीवर जशींच्या तशीं राहूं द्यावीं. इतिहास दुरुस्त करतां येतो तो पुढील पानावर. मागील पान फाडून नव्हे.

आपल्या भागांत नांवांस तोटा नाहीं. ठाणें हें तलावांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली देशांतील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यासच येऊन थांबली. धांवणाऱ्या संघास याहून समर्पक आठवण कोणती? येऊरच्या रानांत बिबट्या आहे. ठाण्याच्या खाडींत दरवर्षीं हजारों रोहित पक्षी, ज्यांस इंग्रजींत फ्लेमिंगो म्हणतात, येऊन उतरतात. २०१५ सालीं तेथें त्यांचें अभयारण्यहि जाहीर झालें. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजीमहाराजांनीं कल्याणच्या खाडींत जहाजें बांधविण्यास आरंभ केला. मराठी आरमाराचा उगम आपल्या दाराशीं आहे. पारसिकचा डोंगर आहे, उल्हास नदी आहे. हीं नांवें कोणत्याहि जातीचीं नाहींत. खाडीचें पाणी किंवा आगगाडीची शिटी हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद जाणत नाहीं. येथें जन्मलेल्या मुलाचा त्यांवर जितका हक्क आहे, तितकाच काल दुसऱ्या प्रांतांतून येऊन आपल्या वर्गांत बसलेल्या मुलाचाहि आहे.

पालकांसहि एक विनंती आहे. मुलांच्या संघाचें नांव ऐकून हंसूं नका. तें कोणी सुचविलें व कोणास आवडलें नाहीं, एवढें मात्र अवश्य विचारा. ज्यास आवडलें नाहीं, त्याचें कारण पुष्कळदां ऐकण्यासारखें असतें. आणि विद्यार्थिमित्रांनो, पुढील वेळीं संघ निवडतांना चार चांगले खेळाडू एका बाजूस घेऊन उरलेल्यांस 'बाकीचे' असें म्हणावयाचा मोह झाला, तर विजय हजाऱ्यांच्या त्या ३०९ धावा आठवा. 'बाकीचे' म्हणून ज्यांस बाजूस उभें केलें जातें, त्यांच्यांत उद्यांचा कर्णधार असूं शकतो. आणि तो नसला, तरी त्यासहि स्वतःचें असें एक नांव आहेच.